चौदा नंबरची खोली

खामगावात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांना तोटा नाही. रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो, कुणाची तरी निवड झालेली असते, आणि फोटोत प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. आसिमभाईंच्या अशाच एका दुकानात धम्मशीला अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसते. भावी नगरसेवकांच्या गालांवरचे मुरुम ती पुसते, टकलावर केस उगवते, पंधरा जणांच्या घोळक्यातला नकोसा झालेला एक जण अलगद उचलून बाहेर ठेवते. पण तिला कुणी विचारलं की ताई, तुम्ही काय करता, तर ती सरळ सांगते, "मी अंतराळयानं कापते."

ऐकणारा हसतो. हसो बापडा.

तिनं आयटीआयमध्ये मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, सगळ्या तुकडीत एकटी मुलगी. तिथं तिला सेक्शन ही चीज भेटली आणि तिचं जन्माचं जमलं. पाण्याचा पंप उभा चिरला असं धरायचं आणि आतलं सगळं कागदावर मांडायचं. जिथं धातू चिरला गेला तिथं तिरप्या रेघा मारायच्या. शाफ्ट, बोल्ट, रिव्हेट मात्र वाटेत आले तरी चिरायचे नाहीत, अख्खेच दाखवायचे. मग प्रत्येक भागाला गोलात नंबर, आणि बाजूला भागांची यादी. त्यांचे सर यादीच्या बाबतीत कर्दनकाळ होते. "नाव चुकलं का पार्ट चुकला, अन् पार्ट चुकला का फिटरचं बोट गेलं," असं म्हणून ते अख्खी शीट फाडत.

कोर्स झाल्यावर ज्या वर्कशॉपनं तिला घेतलं त्यांनी तिला ड्रॉइंग बोर्डावर नाही, फोन उचलायला बसवलं. दोन महिने तिनं फोन उचलला, तिसऱ्या महिन्यात तो ठेवला आणि आसिमभाईंकडे आली. पण हात गप्प बसेनात. कापायला पंप नव्हता, तर तिनं जगात नसलेली यंत्रं कापायला घेतली.

लोक यान बाहेरून काढतात. निमुळतं नाक, मागं जाळ, झालं यान. धम्मशीलेला त्याची मनस्वी चीड आहे. अरे, आत माणसं आहेत ना? ती हागतात कुठं, त्यांचं धुणं वाळतं कुठं, ते दाखवा की! तिच्या 'महामाया' नावाच्या यानात साडेतीन हजार माणसं दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघाली आहेत. उभा काप घेतलाय, आणि आत दिव्यांखाली पिकणारी तूर आहे, बियाण्यांची कोठी आहे, शाळा आहे, बाळंतिणीची खोली आहे, संडासाचा प्रत्येक पाइप कुठून कुठं जातो तेही आहे. एवढंच काय, नळ रोज येईल यावर ह्या बाईचा विश्वास नसल्यामुळे प्रत्येक दाराशी एक निळा ड्रमही आहे. एका यानाला तिचे चौदा महिन्यांचे रविवार गेले. आणि चिरेच्या वाटेत माणूस आला तर तो बोल्टसारखा अख्खा, हा तिचा स्वतःचा नियम.

या चित्राचा फोटो फिरत फिरत पुण्याला पोहोचला, आणि मुलांच्या एका मासिकाच्या संपादक सुवर्णा मॅडमचा फोन आला. विशेषांकात चार पानी घडीचं चित्र छापायचं, खाली नाव, मागच्या पानावर ओळख. धम्मशीलेला मूठभर मांस चढलं. आसिमभाईंनी समोरच्या दुकानातही चहा पाठवला.

आठ दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन आला. "धम्मशीलाताई, चित्र अप्रतिम आहे. त्याला हातसुद्धा लावायचा नाही. फक्त यादीतलं चौदा नंबरचं नाव तेवढं बदलू या."

चौदा नंबर म्हणजे यानाच्या अगदी नाकाशी, चालकाच्या शेजारची खोली. यानातली सगळ्यात मोठी खिडकी तिथंच होती. यादीत लिहिलं होतं, 'हवेच्या गाळण्या साफ करणाऱ्या बाईची खोली'.

"तिथं मुख्य शास्त्रज्ञाची खोली असं करू. मुलांना पटायला हवं ना? सफाईच्या लोकांची खोली साधारण खाली, मागच्या बाजूला असते."

"कोणी ठरवलं?" धम्मशीलेनं विचारलं.

"अहो, माझा तसा अर्थ नव्हता."

"मॅडम, चालक महिनाभर झोपला तरी यान चालते. ही बाई दोन दिवस झोपली का साडेतीन हजार लोक गुदमरून मरतात. गाळण्या तिथंच हायेत, म्हणून ती तिथं राह्यते."

मॅडम मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी शुक्रवारपर्यंत विचार करायला सांगितलं.

घरी दाराशी खाटेवर तिची आई, जनकाबाई, बसली होती. जनकाबाईंनी सव्वीस वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये फरशीवरची रुई झाडली, तोंडाला पदर बांधून. आता दारापासून मोरीपर्यंत गेल्या तरी त्यांच्या छातीत शिट्टी वाजते. चौदा नंबरच्या खोलीत खरं कोण राहतं, हे धम्मशीलेनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिनं फोनची हकिगत तेवढी सांगितली.

"बदल न व," जनकाबाई म्हणाल्या. "दोन शबुद तं हायेत. तुयं नाव छापून येईन. हट्टानं कोणाचं भलं झालं?"

दुसऱ्या दिवशी आसिमभाईंनीही तेच सुनावलं. "दीदी, आपुन रोज काय करतो? कालच्या टकल्याले तू केस लावले का नाही? मंग हेच काऊन जड होऊन राह्यलं?"

हे मात्र तिला झोंबलं, कारण खरं होतं. दिवसभर ती पुसायचंच तर काम करते! संध्याकाळी संगणक बंद करताना म्हणाली, "भाई, ते त्याचं टक्कल हाये. त्याले लपवाचं, तं त्यानं लपवावं. हे यान मायं हाये."

शुक्रवारी तिनं स्वतःच फोन लावला आणि एक घाव दोन तुकडे केले. "छापायचं तर चौदासकट छापा. नाहीतर राहू द्या." मॅडमना वाईट वाटलं, त्यांनी संपादक मंडळाला विचारलं, आणि मंडळानं चित्रच राहू दिलं.

धम्मशीला रडली. खोटं कशाला बोला, चांगली तासभर रडली. ते चार पानांचं स्वप्न तिनं कितीदा तरी उलगडून पाहिलं होतं. मग तोंड धुतलं, आणि तिला असा संताप आला की ती तडक दुकानात गेली. "भाई, वीस बाय आठचा फ्लेक्स काढायचा हाये."

"कोणाचा?"

"मायावाला."

दुकानावर आसिमभाईंची स्वतःची लोखंडी चौकट आहे. तिच्यावरच्या पुढाऱ्याचा वाढदिवस कालच उलटला होता. आसिमभाई कुरकुरले, मशिनीला शिव्या दिल्या आणि शाई भरली. छापण्याआधी धम्मशीलेनं यादीत एकच बदल केला. चौदा नंबरपुढं लिहिलं, 'जनकाबाईंची खोली. यानाची हवा यांच्या ताब्यात.'

सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाया खराटे टेकून उभ्या राहिल्या. शिकवणीची पोरं एकेक नंबर शोधू लागली. उंद्रीहून बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्यानं बराच वेळ वर पाहून विचारलं, "वाढदिवस कोणाचा हाये बापा?"

"यानाचा," आसिमभाई म्हणाले.

तिसऱ्या दिवशी धम्मशीलेनं आईला ऑटोत घालून आणलं. जनकाबाई एकेक अक्षर जुळवून वाचतात. खालूनच, हवेत यादीवर बोट फिरवत त्या चौदावर आल्या, स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मग चित्रात ती खोली शोधली. खोलीत पदर खोचलेली एक बाई खिडकीशी उभी होती, अख्खी. जनकाबाईंच्या छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागली. आता माय रडणार, असं वाटून धम्मशीलेनं त्यांचा हात धरला.

"ही खिडकी उघडते का व?" जनकाबाईंनी विचारलं.

"नाही, माय. उघडली तं सगळी हवा निंघून जाईन."

जनकाबाईंनी हात सोडवून घेतला. "आमचा मुकादमबी हेच सांगे. खिडकी उघडली तं रुई उडन म्हणे. सव्वीस वर्स नाही उघडू देल्ली." दम खाऊन त्या म्हणाल्या, "मंग तू शिकली कायले? उघडनारी काढ!"

धम्मशीला आत गेली आणि कागद ओढला. आतून एक झडप, बाहेरून एक, आणि दोन्ही एका वेळी उघडायच्या नाहीत अशी काहीतरी सोय करावी लागणार होती. दिवसभर ती त्यातच होती. त्या दिवशी एका भावी सभापतींचा फ्लेक्स गालांवरच्या सगळ्या मुरुमांसकट छापून गेला.