नेफ्याच्या टोकाची फुली

आमच्या आत्याला शिलाई कारखान्यात सगळे कासव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही "काय गं, सशा?" म्हणून ओ देई. मी तेव्हा शाळेत होतो. लढाई चालू होती आणि कारखान्यात फक्त स्ट्रेचरचं कापड शिवलं जात होतं. जाड कापडाच्या दोन्ही कडांना, दांडे ओवायला, लांब नेफे. बाकीच्या बायका नेफ्याच्या टोकाला दोन सरळ टिपा मारून कापड पुढे ढकलत. आत्या तिथे चौकोन शिवी आणि त्या चौकोनात फुली मारी. त्यामुळे इतरांची दिवसाला वीस होत, हिची बारा.

"फाटतं ते टोकालाच," ती म्हणे.

"तिकडे माणसं मरतायत आणि ही इथे भरतकाम करतेय!" मुकादम एके दिवशी सगळ्यांदेखत ओरडला. "तुझी आठ कमी पडतात ना रोज, म्हणजे आठ माणसं जमिनीवर पडून राहतात. समजलं?"

त्याच दिवशी तिला बटणांच्या टेबलावर बसवलं. कासव हे नाव तिने हसून घेतलं होतं. आठ हा आकडा मात्र तिने गिळला आणि तो चाळीस वर्षं तिच्या पोटात होता. वाण्याकडे अंडी घेतानाही ती सहा घेई नाहीतर दहा.

यंदा गावच्या सभागृहाने त्या युद्धाच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. माझा स्टुडिओ आहे, म्हणून फोटो निवडणं, टांगणं, खाली ओळ लिहिणं माझ्याकडे आलं. एक फोटो मी जिन्याखालच्या कोपऱ्यात लावला होता. चौघं जण स्ट्रेचर घेऊन गल्लीतून धावतायत. चौकट तिरकी, पुढच्या माणसाचं डोकं चौकटीबाहेर गेलेलं, स्ट्रेचरवरच्या माणसाचा चेहरा कुणाच्या तरी कोपराआड. सगळी माणसं धूसर, आणि जवळचं कापड तेवढं लख्ख. खाली मी लिहिलं होतं : 'अखेरचा प्रवास'.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी आत्या बघायला आली. चांगले फोटो तिने चालता चालता पाहिले. जिन्याखाली मात्र थांबली. चष्मा पुसला, परत घातला, नाक काचेला लागेल इतकी वाकली.

"आत्या, तो फसलेला फोटो आहे. इकडे ये."

"फसला म्हणजे काय झालं त्याला?"

मी बोटांवर दोष मोजून दाखवले.

"झालं सांगून? आता गप्प उभा राहून बघ. यातले कुठले दोघं जास्त वाकलेत?"

"डावीकडचे."

"कारण वजन तिकडे आलंय. माणूस कुशीवर वळलाय. मेलेला माणूस मधोमध पडून राहतो, पोत्यासारखा. आणि ही चुणी बघ."

कापडाच्या कडेला चार चुण्या एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या. मी तो फोटो शंभरदा पाहिला असेल. त्या मला जुन्या कागदाच्या घड्या वाटल्या होत्या. आता त्यांच्यावर चार बोटांची टोकं दिसली.

"मूठ आवळलीये त्याने. पडायची भीती जिवंत माणसालाच असते, शहाण्या. आणि तू त्याला मारून मोकळा!"

चौकट तिरकी का, तेही मला तेव्हा कळलं. फोटो काढणाराही त्यांच्याबरोबर धावत होता. तीस वर्षं मी लोकांना हलू नका म्हणत आलो होतो.

आत्याचं बोट काचेवरून सरकत जवळच्या कोपऱ्यावर आलं. नेफ्याचं टोक. तिथे चौकोन, चौकोनात फुली. कापड पोटासारखं खाली ओघळलं होतं, दोरा ताणून तारेसारखा झाला होता, पण एक टाका सुटला नव्हता.

"तुझी?"

"मग काय मुकादमाची?" ती म्हणाली. बोट तिने फुलीवरून उचललं नाही. "त्या आठांचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण हा बारांतला आहे. आणि हा पडला नाही."

मी खालची ओळ काढून टाकली. "काय लिहू?"

"दिसतंय ते लिही."

मी लिहिलं : 'जखमी माणूस. जिवंत.' आणि फोटो जिन्याखालून उचलून दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर आणला.

"काढणाऱ्याचं नाव?" तिने विचारलं.

"कुणालाच माहीत नाही."

"मग शिवणारीचंही राहू दे."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. कारखान्यातली एक म्हातारी काठी टेकत त्या भिंतीशी आली, वाकली, आणि सगळा हॉल वळेल अशी ओरडली, "अगं कासवा, ही तर तुझी फुली!"

"हो," आत्या म्हणाली. "माझीच."

मग तिने खुर्ची ओढली, फोटोच्या शेजारी ताठ बसली, आणि हॉल बंद होईपर्यंत तिथून हलली नाही.