कवटीचं कुंकू

हौसाक्कांनी शिवलेला झेंडा टेबलावर पसरला आणि मी किंचाळलेच. काळ्याभोर कापडावर पांढरी कवटी, खाली फुली मारल्यासारखी दोन हाडं, सगळं अगदी मापात. आणि कवटीच्या कपाळावर मधोमध लाल दोऱ्यानं भरलेली, रुपयाएवढी ठसठशीत टिकली! खालचा दुसरा झेंडा ओढला, तिसरा ओढला. चाळीसच्या चाळीस कवट्या कुंकू लावून बसल्या होत्या.

पुण्यातली नोकरी सोडून मी आष्ट्याला परतले होते आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार शिलाई मशिनी टाकल्या होत्या. माल होता समुद्री चाच्यांचा. तीन कोनांच्या टोप्या, लांब काळे कोट, डोळ्यावर बांधायच्या पट्ट्या, कवटीचे झेंडे, भेट द्यायला कवटीचे मग. या गोष्टींचं वेड असलेली माणसं बंगळूरपासून गोव्यापर्यंत आहेत, ती ऑनलाइन मागवतात. आष्ट्यात हे समजावून सांगताना मात्र माझ्या नाकी नऊ यायचे. हौसाक्का कामाला आल्या तेव्हा त्यांनी कोट उलटासुलटा करून पाहिला होता. "म्हंजी दरोडेखोरच की ह्ये. आन त्येंच्यागत दिसाय लोक पैसं मोजत्यात?" मी हो म्हटल्यावर पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या. "लय येगळीच तऱ्हा गं बाई. हितल्या चोरास्नी तर सावासारखं दिसायचं आसतंय."

साठीच्या पुढच्या, उंच, दणकट बाई. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा होता. टेप गळ्यात घालून बसायच्या, पण माप वितीनंच घ्यायच्या आणि मी टेपनं तपासलं की सुताचाही फरक निघायचा नाही. "टेप तुज्यासाठनं घातलाय, माझा मला हात हाय," असं वर ऐकवायच्या. त्यांचा मुलगा सदाशिव ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. सून सुनंदा माझ्याकडंच काजं-बटणं करायची. सासूसुनेचं दिवसभर भांडण चालायचं आणि दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

झेंडे गोव्यातल्या एका बोटीवरच्या पार्टीसाठी होते आणि संध्याकाळी कुरिअरवाला यायचा होता. माझा पारा चढला. "हौसाक्का, आवं हे काय करून ठेवलंय? चाच्यांचा झेंडा आहे हा! लोकांनी घाबरायला पाहिजे."

त्या शांत होत्या. "येवडं मोठं कपाळ आन पांढरंफटक? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"मग उसवा आता."

"उसवायचं तर तू उसव. मी पुसणार न्हाई."

पुसणार नाही, असं त्या का म्हणाल्या, हे विचारायला मला फुरसत नव्हती. ब्लेड घेऊन मी बसले आणि चाळीस टिकल्या उसवल्या. हौसाक्का समोर बसून बघत राहिल्या. मला वाटलं, चूक कळली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुनंदा दुकानात गेली होती, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. "नवरा मेला की बाईचं कुंकू पुसाय एक रांडाव बाई लागती. आमच्या भावकीत ती मी. हात भरभर चालतोय म्हनून मला बलवत्यात. बांगड्या फोडताना मनगटाला काच लागत न्हाई माझ्या हातनं. लोक नाव काढत्यात."

ज्या हातांचं मी इतकं कौतुक करत होते, त्या हातांचं गावाला वेगळंच कौतुक होतं.

"किती जणींचं?" मी विचारलं.

"मोजलं न्हाई. शेवटचं धाकट्या भैनीचं. तासगावला दिलीया ती. तिनं माझं बोट धरलं. म्हनली, आक्का, आजचा दिस ऱ्हाऊ दे. मी बोट सोडवून घितलं आन पुसलं. तवापास्नं ती माझ्या दारात येत न्हाई." मग कपातला चहा बशीत ओतत म्हणाल्या, "रीत हाय, म्हनून केलं. रीत हाय म्हनलं की हात आपला ऱ्हात न्हाई बघ."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू? असल्या बाईनं कवटीला टिकल्या लावून काय फिटणार, असंही वाटलं. काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच गळीत हंगामात सदाशिवची उसाची ट्रॉली उलटली. मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. हौसाक्का त्याच्या पायाशी बसल्या होत्या, डोळे कोरडे होते. सुनंदाला बायकांनी धरून पाटावर बसवलं. समोर पाण्याचा तांब्या ठेवला. भावकीतली एक म्हातारी हौसाक्कांना म्हणाली, "उठा आक्का. तुमच्याच हातची रीत हाय. पोरीला तरास व्हायचा न्हाई."

पोटच्या पोराच्या मढ्यापुढं, त्याच्याच आईला!

आणि हौसाक्का उठल्या. पदर खोचला. सुनंदानं मान वर केली, सासूकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कपाळ पुढं केलं तिनं. मला बघवेना.

हौसाक्कांनी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि गटागटा पिऊ लागल्या. घशाचा आवाज अख्ख्या अंगणाला ऐकू जात होता. पाणी हनुवटीवरून ओघळून चोळी भिजली. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो जमिनीवर पालथा घातला.

"तान लागली हुती," त्या म्हणाल्या. "आता पानी न्हाई. पोराला उचला."

कुणी हललं नाही. ती म्हातारी पुटपुटली, "आसं कुटं आसतंय का?"

"माझ्या घरात आसतंय," हौसाक्का म्हणाल्या आणि सुनंदाच्या पाटाला पाट लावून बसल्या.

त्यानंतर वर्षभरात हौसाक्का गेल्या. तासगावची बहीण शेवटपर्यंत आली नाही, मातीलाही नाही. तिला मी दोष देत नाही.

पण ते अंगण मला सोडत नाही. सुनंदाला पाटावर बसवलं तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. शिकलेली, पुण्यात राहिलेली, तिची मालकीण. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित बायका थांबल्या असत्या. तिनं कपाळ पुढं केलं तेव्हा मी नजर फिरवून भिंतीकडं पाहिलं.

आणि तिथं सगळ्या बायकांनी घेतला होता, म्हणून मीही त्यांच्यासारखाच डोक्यावरून पदर घेतला होता.