खानाची पंगत

मी तेव्हा लान्स नायक होतो. पोस्टिंग काश्मीरमधल्या एका पिकेटवर, पुढच्या चौकीवर. अॅन्युअल लीव्हवर लालबागला घरी आलो, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळं गिरणगाव पेटलं होतं. संध्याकाळी कर्फ्यू लागायचा, म्हणून चाळकऱ्यांनी बसवलेलं नाटक दुपारी ठेवलं होतं.

नाटक एका मंगोल खानाचं. जिंकलेल्या मांडलिक राजांना तो मेजवानीला बोलावतो आणि तिथे त्यांची निष्ठा पारखतो. खान झाला होता शेजारच्या खोलीतला गणपत धुरी, गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला. आल्या दिवशीच त्याने मला पकडलं.

"मिलिटरी, माझे राजे वरातीत आल्यासारखे चालतात रे. त्यांना जरा परेड शिकव."

मी शिकवली. मग मलाच तंबूच्या दारावरचा पहारेकरी केलं.

चाळीच्या पटांगणावर हळदीत रंगवलेल्या मांजरपाटाचा मोठा तंबू होता. प्रेक्षकही त्यातच बसले. कापडातून ऊन गाळून येत होतं आणि माणसं मधात बुडाल्यासारखी दिसत होती. लोबानाचा धूर हळूहळू वर चढत होता. परातींत खरं मटण, खरे वडे. गणपतच्या आईने, धुरीकाकींनी, चाळीतल्या बायकांना घेऊन रांधलेले. मंगोल पितात त्या घोडीच्या दुधाच्या जागी ताक. एकेक राजा आला, वाकला, बसला. मी भाला धरून उभा होतो. आपण कुठल्या तरी फार जुन्या, फार दूरच्या मुलखात आहोत, असं मला खरंच वाटू लागलं. पिकेट आठवेना, गिरणीचा भोंगाही आठवेना.

तेवढ्यात रस्त्यावर गोळीबार सुरू झाला.

लोकांना आधी फटाके वाटले. मी रायफलचा आवाज ओळखला. मग किंकाळ्या आल्या आणि सगळे उठले. बाहेरची वाट एकच, अरुंद, थेट रस्त्यावर उघडणारी. मी भाला आडवा धरला. त्याने काही होणार नव्हतं.

खान उभा राहिला.

"खाली बसा! माझ्या तंबूतून उपाशी कोणी उठत नाही. राजांनो, पाहुण्यांना वाढा!"

राजे पराती घेऊन प्रेक्षकांत उतरले. लोक बसले. बायकांनी पोरांच्या हातात वडे दिले. त्या पिवळ्या उजेडात सगळी चाळ जेवत होती आणि बाहेर गोळ्या सुटत होत्या. ते किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

मग शांत झालं. वाटेच्या तोंडाशी कोणी तरी कण्हत पाणी मागत होतं. गणपतने तांब्या उचलला.

"थांब. तिथे कव्हर नाही," मी म्हणालो.

"पाहुणा दारात आहे, मिलिटरी."

"गणपत, ऑर्डर आहे माझी."

"इथे खान मी आहे," तो हसून म्हणाला आणि तसाच जरीच्या अंगरख्यात बाहेर गेला.

एकच गोळी आली. कुठून, ते कधीच कळलं नाही. मी सरपटत जाऊन दोघांनाही आत ओढलं. पाणी मागणारा वाचला. गणपत तंबूतच गेला.

पुढे लढाईत माझ्या सेक्शनचे जवान गेले. त्यांची नावं पलटणीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. गणपत धुरीला मी त्यांच्यातच धरतो.

त्या दुपारी तंबूत धुरीकाकी गणपतच्या उशाशी बसल्या होत्या. रडल्या नाहीत. लेकाच्या कपाळावरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, "झील जेवललो मां रे माझो?"

नाटकात खान सगळ्यांच्या शेवटी जेवतो. त्याच्या ताटाला हात लागला नव्हता.

"जेवला, काकी," मी म्हणालो. "सगळ्यांबरोबर."