नखांतला रंग

आम्ही जुन्नरचे मण्यार. बांगड्या भरणं हा घरचाच धंदा. लग्न झाल्यावर मीही सासूबाईंबरोबर टोपली घेऊन गावोगाव जाऊ लागले. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं मांस दाबायचं आणि काच न फोडता बांगडी चढवायची. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते, मग तिथं रक्त धावत येतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याकडे माझं लक्षच जात नसे.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून लक्ष जाऊ लागलं. सुईण म्हणाली, "रक्त फार गेलं न्हाई गं, पण अंगात व्हतंच किती?" सातव्या महिन्यात तिला बांगड्या मीच भरल्या होत्या. हात पांढरेफटक होते. "गोरी झालीस की," म्हणून मी तिची थट्टा केली होती.

पुढे तीन-चार वर्षांनी कुकडीकाठी येडगावला एका शेतकऱ्याच्या घरी हिरवा चुडा भरायला गेले. सुनेला सातवा महिना लागला होता. सासू कौतुकानं म्हणाली, "चाची, बघा आमची सून. आली तवा काळीसावळी व्हती, आता कशी गोरी झालीय!"

मी पोरीचा हात धरला आणि बांगडी बाजूला ठेवली. दाबलेल्या जागेवर रंग परत येईना. नखं मधोमध खोलगट झाली होती. उंबरा ओलांडून आली तेवढ्यानंच तिला धाप लागली होती. पदराच्या गाठीत काय आहे म्हणून विचारलं, तर तिनं मान खाली घातली. गाठीत चुलीची भाजकी माती होती. येता-जाता ती हीच माती खात होती.

"ही गोरी न्हाई झाली," मी म्हणाले. "हिच्या अंगात रक्त न्हाई. जुन्नरच्या दवाखान्यात घेऊन चला."

"आमी काय दवाखान्यात जाऊन बाळंत झालो?" सासू तडकली. "लई शिकलात व्हय बांगड्या इकून?"

मग मी बहिणीची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही, माझी थट्टासुद्धा.  दुसऱ्या दिवशी सासूनंच बैलगाडी जुंपायला लावली.

डॉक्टरांनी पोरीची खालची पापणी ओढून बघितली. आतून ती धुतल्या कापडासारखी होती. "असं घरोघरी किती बायकांचं असतं!" ते म्हणाले. "लाल पापणीची बाई मला शोधावी लागते." सासूनं घरून आणलेल्या बाटलीत त्यांनी लोखंडाचं औषध भरून दिलं. दात काळे पडू नयेत म्हणून नळीनं ओढून प्यायचं, आणि जेवण पोटभर, इतकंच बजावलं.

पंधरा दिवसांनी नारायणगावच्या बाजारात त्याच गावची बाई भेटली. तिच्याकडून कळलं, औषध बंद केलंय. मी टोपली तिथंच ओळखीच्या दुकानात ठेवली आणि तडक येडगाव गाठलं.

"परसाकडला काळं व्हतं तिला," सासू घाबरून म्हणाली. "आतनं जळाली का काय पोर?"

"लोखंडानं तसं व्हतंच." मी तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि एक थेंब सुनेच्या नखावर सोडला. तो खळग्यात जिथल्या तिथं राहिला. मग सासूचा हात ओढून तिच्या नखावर सोडला. तोही राहिला. माझ्या नखावरचा थेंब मात्र ओघळून खाली गेला. सासू आपल्या बोटाकडे बघतच राहिली.

"मलाबी कायम चक्कर येती," ती हळूच म्हणाली. "मी म्हणायचे, बाईमाणसाला असायचंच."

"काय जेवता तुमी दोघी?"

उत्तर मला ठाऊक होतं. गडीमाणसं उठल्यावर उरेल ते. भाजीचं भांडं तोवर खरवडलेलं असायचं. त्या घरात बोकड पडला की काळीज थोरल्या मुलाच्या ताटात जायचं. त्या दिवसापासून सासूनं औषध पुन्हा सुरू केलं, आणि चुलीपाशीच दोघींची ताटं आधी वाढून झाकून ठेवायला सुरुवात केली. बाजरीची भाकरी, तांदुळजा, हळिवाची खीर. आणि मुलाण्याकडून मटण आलं की काळीज सुनेला. मुलगा कुरकुरला, तेव्हा ती म्हणाली, "तुला कुठं बाळंत व्हायचंय?"

पोर सुखरूप सुटली. मुलगी झाली. कळा दोन दिवस चालल्या, पण सुईणीला घाम फुटला नाही, की पोरीला ग्लानी आली नाही. सव्वा महिन्यानं मी बांगड्या भरायला गेले. अंगठ्याखाली दाबलं, आणि बोट उचलताच रंग धावत आला. मी पुन्हा दाबून बघितलं, उगीचच.

त्यानंतर मी प्रत्येक घरी आधी नखं बघू लागले. सगळ्यांना ते आवडलं असं नाही. आणे गावात एका घरधन्यानं टोपली अंगणाबाहेर ठेवायला लावली. "बांगड्या भर आन वाटंला लाग. वैदकी नगं," म्हणाला.

"वैदकी न्हाई करत, पाटील," मी म्हणाले. "तुमच्या बायकोला आधी जेवायला वाढा, एवढंच म्हणते."

त्या घरी मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पण त्याच आळीतल्या तीन बायका पाणवठ्यावर माझी वाट बघत थांबल्या होत्या, हात पुढं करून.