दुपारची सावली कुणीकडे

त्या पाच दिवसांतलं मला सगळ्यात आधी आठवतं ते पाण्याचं भिंग. कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी, आम्ही त्यांना मादाम म्हणायचो, एक जळका बल्ब पोकळ करून त्यात पाणी भरलं होतं. त्यातून मुंगी बघायची. मुंगीच्या पायांवर केस असतात हे मला एकोणीस वर्षं माहीत नव्हतं. मी इतका वेळ बघत राहिले की मागच्या रांगेतल्या एका शिक्षकाने विचारलं, "मामझेल, मुंगीशी लग्न ठरवताय काय?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. विषुववृत्ताखालच्या आमच्या बेटावर, सांत्र द फ्लाकजवळच्या एका प्राथमिक शाळेत, हिवाळ्याच्या म्हणजे आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत, शिक्षकांसाठी ही कार्यशाळा भरली होती. निसर्ग आणि विज्ञान हाताने करून शिकवायचं, पाठ करून नाही, असं मादाम पुन्हा पुन्हा सांगायच्या. शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या आम्हा काही जणांनाही तिथे पाठवलं होतं. शेवटी मादाम आमच्या कॉलेजला कळवणार होत्या, वर्गावर उभं राहायला कोण तयार आहे आणि कोणाला आणखी एक वर्ष थांबवायचं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एक वर्ष थांबणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मी फार जपून बोलायची, बहुतेक वेळा बोलायचीच नाही. घरी काय करतात असं कोणी विचारलं तर "शेती आहे" म्हणायची. आई दुसऱ्यांच्या उसात मजुरीला जाते, हे मी कॉलेजात कोणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सावलीचा प्रयोग होता. अंगणात काठी रोवायची आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. माझ्या जोडीला त्रियोले गावचे एक शिक्षक होते. दिवसा शाळा, संध्याकाळी गावच्या बैठकेत, म्हणजे आपल्या लोकांच्या शाळेत, मराठी शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजी आंब्याखाली बसले आणि खडे ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

ते दोन तास मला अजून स्वप्नासारखे वाटतात. समुद्राकडून वारा येत होता. कुंपणापलीकडे उसाचे तुरे एकदम वाकायचे आणि एकदम उभे राहायचे. सावली हलताना दिसत नाही. आपण दुसरीकडे बघून परत वळलो की ती पुढे गेलेली असते. बाराला ती सगळ्यात लहान होईल असं मला वाटलं होतं. झाली ती सव्वाबाराच्या जरा आधी. आणि तिचं टोक सरळ डोंगराकडे होतं.

"गुरुजी, सावली डोंगराकडे गेली. तिकडे दक्षिण ना?"

"काठी वाकडी असेल."

"मी दोऱ्याला दगड बांधून बघितलं. सरळ आहे."

"पोरी, वीस वर्षं शिकवतोय मी. दुपारची सावली उत्तरेला. विलायतेच्या पुस्तकात आकृती आहे. तुझ्या खड्यांना कोण विचारतो?" असं म्हणून त्यांनी आपल्या डालपुरीतली अर्धी मला दिली. माणूस प्रेमळ होता, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणं मला जास्त अवघड गेलं.

त्यांनी तक्त्यावर 'उत्तर' लिहिलं. मी इतर गटांकडे पाहिलं. सगळ्यांचे खडे डोंगराकडे होते आणि जवळजवळ सगळ्यांच्या तक्त्यावर 'उत्तर' होतं. आम्ही सगळे परीक्षा देत देत मोठे झालेलो, डोळ्यांपेक्षा पुस्तकावर भरवसा जास्त. मी माझ्या वहीतला 'दक्षिण' रबराने पुसला आणि वर 'उत्तर' लिहिलं. कागद तिथे पातळ झाला.

संध्याकाळी आई कामावरून येऊन नळावर पाय धूत होती.

"आई, कापणीत दुपारची सावली कुणीकडे पडते?"

"आयो! कॉलेजात आता सावली पण शिकवतात?"

"सांग ना."

"डोंगराकडं गो. जेवायला आम्ही उभ्या उसाच्या डोंगराकडल्या अंगाला बसतो. ह्या अंगाला बसलीस तर टाळकं भाजतंय."

"बारा महिने?"

"नाताळात नाय. त्याच्या आदी एक दिस सावली पायाखाली जाते. मग जराशी उलटी सरकते, टीचभर. मग परत फिरते." तिने पाय पुसले. "तुला काखेत घेऊन जायची तवा पण तसंच होतं."

दुसऱ्या दिवशी मादामनी तक्ते वाचायला सांगितले. गुरुजींनी आमचा तक्ता माझ्या हातात दिला. "तू वाच, आवाज मोकळा होईल." मी उभी राहिले. समोर चाळीस शिक्षक, आणि मादामच्या मांडीवर ती वही, जिच्यात त्या आमच्याबद्दल लिहायच्या.

"तक्त्यावर उत्तर लिहिलंय," मी म्हटलं. "पण खडे दक्षिणेला आहेत. मी वहीत आधी तेच लिहिलं होतं. मग पुसलं."

कोणी हसलं नाही. मादामनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना अंगणात नेलं. कालचे खडे होते तिथेच होते, दोनतीन कोंबड्यांनी विस्कटले होते तेवढेच. आम्ही काठीभोवती गोल उभे राहिलो. कारखान्याचा उकळत्या रसाचा गोड वास येत होता. सावली हळूहळू आखडत आली आणि माझ्या खड्यावर येऊन टेकली.

गुरुजी उकिडवे बसून बघत होते. "तुला कोणी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

काठीने सांगितलं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"आईनं. ती उसात मजुरीला जाते." आणि मग नाताळात टीचभर उत्तरेला सरकणारी सावलीही मी सांगून टाकली.

"म्हणजे पुस्तक खरं आहे," गुरुजी मोठ्याने म्हणाले, "पण फक्त नाताळच्या सुट्टीत!" सगळं अंगण हसलं. हसू ओसरल्यावर ते मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "माझी आई पण जायची. ती जेवायला कुठे बसते, मी कधी विचारलं नाही."

मग हात पुढे करून म्हणाले, "तुझा रबर दे."

मादामनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. वर्ग मात्र मिळाला.

त्या नोव्हेंबरात सुट्टी लागल्यावर एका दुपारी मी आईचा डबा घेऊन उसात गेले. ती खुरपणी करत होती. तिने मला हाताला धरून वाटेवर उभं केलं. "बघ आता." खाली पाहिलं तर आम्हा दोघींच्या पायांशी काहीच उरलं नव्हतं. बायका डबे उघडून बसल्या होत्या, सावली नव्हती म्हणून डोक्यावर गोणपाटं घेऊन. त्यांतल्या एकीने विचारलं, "ही कोण गं?"

"माझी लेक," आई म्हणाली. "मास्तरीण होतेय. सावली शिकायला आलीय."

मी तिच्या शेजारी बसले आणि गोणपाटाची एक कड माझ्याही डोक्यावर ओढून घेतली.