परातीला चिकटलेलं खमीर

कसे आहात सगळे? डोंबिवलीच्या सुमनताई, गुडघा आता जिना चढू देतो का? चिपळूणच्या बापूंची खोकल्याची उबळ थांबली असेल, अशी आशा करतो. साताऱ्याच्या नव्या आईबाबांनो, बाळ झोपू देतंय ना? मी ठणठणीत आहे, पण गेला आठवडा जीव टांगणीला लागला होता.

मुंबईतल्या ज्या बेकरीत मी पस्तीस वर्षं पीठ मळलं, तिचं खमीर गेलं. खमीर म्हणजे आंबलेल्या पिठातला राखून ठेवलेला गोळा. त्यावर दुसऱ्या दिवशीचा पाव फुगतो. आमचे उस्ताद सांगत, की फार पूर्वी मुंबईत पाव ताडीवर फुगवायचे. ताडी मिळेनाशी झाली तेव्हा गोळा राखायची रीत पडली, आणि यीस्ट आल्यावर बहुतेकांनी तीही सोडली. आता कॅफेतली मुलं त्यालाच सावरडो म्हणतात. भट्टीच्या दुरुस्तीत नव्या कामगारांनी आमचा गोळा नासका समजून फेकला. उस्तादांचा नातू इम्तियाज आता मालक आहे. तो म्हणाला, "काका, शुक्रवारी भट्टी पेटणार. तोवर नाही मिळालं तर यीस्ट टाकतो."

एकच आशा होती. उस्तादांची लेक झुलेखाबी लग्नानंतर त्याच गोळ्याचा तुकडा घेऊन खालापूरकडे सासरी गेली होती.

सोमवारी पनवेलहून खोपोलीची एसटी धरून खालापूरला उतरलो. पुढे शेअर रिक्षा, शेवटचा तुकडा बांधावरून पायी. सावली नाही, पाणी सोबत ठेवा. पोचलो तर झुलेखाबींची सून शबाना सकाळपासून चुलीपाशी. गरम पाव, वर सुकटीची चटणी. आंबूस वास तोच, उस्तादांच्या वेळचा. दोन पाव संपवून मी खमीर मागितलं आणि शबानाचा चेहरा उतरला. येतोय एवढंच मी फोनवर कळवलं होतं, आणि मुंबईचा पाहुणा येणार म्हणून तिनं सगळंच पीठ भाजलं होतं. मूठभर बाजूला काढायचं राहिलं.

झुलेखाबी एवढंच म्हणाल्या, "अब्बांच्या घरचं तेवढंच व्हतं माज्याकडं."

मी परात मागितली. नशिबानं घासलेली नव्हती. कडेच्या वाळलेल्या खपल्या नखानं खरवडल्या, चमचाभर निघाल्या. अर्ध्या मी घेतल्या, अर्ध्या वाटीत घालून शबानापुढे धरल्या, तर ती मागे सरली. माझ्याच हातून गेलं, मला नका देऊ, म्हणाली. झुलेखाबींनी वाटी तिच्या हातात ठेवली. "तुज्याच हातात ऱ्हाऊ दे गं."

चौकमार्गे कर्जतला आलो. भिसेगावात भाची सुनंदाकडे मुक्काम. खपल्या पाण्यात भिजवल्या, पीठ घातलं आणि दर तासाला झाकण उघडून बघत बसलो. "मामा, पेशंटला जरा झोपू द्या," सुनंदा म्हणाली. मंगळवारी काही नाही. बुधवारी माझा धीर सुटला. उबेनं लवकर जागं होईल म्हणून वाटी गच्चीवर उन्हात ठेवली. ऊन फार आहे, असं ती दोनदा म्हणाली. मला शिकवू नको, असं मी दोनदा सुनावलं. दुपारी पाहिलं तर वर कडक पापुद्रा, खाली शिजलेली खळ. खालापूरला फोन करायची हिंमत झाली नाही.

गुरुवारी पिशवी भरत होतो, तेवढ्यात शबानाचाच फोन आला. फुगलंय, आणि मी घेऊन निघालेय, म्हणाली.

कर्जत स्टेशनबाहेर ती रिक्षातून उतरली, ओल्या फडक्यात बांधलेला डबा पोटाशी धरून. झाकण सैल ठेवलं होतं. माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवून ती चमचा-चमचा पीठ घालत राहिली होती. तुमचं कसं हाय, तिनं विचारलं. उन्हात ठेवलं, मेलं, असं मी सांगून टाकलं.

"पस्तीस वर्सं ना, काका?" ओढणीत हसू दाबत ती म्हणाली.

डबा घेतला आणि मुंबईच्या गाडीत बसलो.

शुक्रवारी पहिला घाणा बसका निघाला, इम्तियाज माझ्याकडे बघत राहिला. दुसरा फुगला. मग पुढचं पीठ मळण्याआधीच त्यानं मूठभर गोळा माझ्यासमोर बाजूला काढला, न सांगता.

घरी येऊन चार दिवस झाले. पाव काय, पोटात गेला. मनात राहिलंय ते एवढंच, की इतकी वर्षं जपलेली गोष्ट एका चमच्यावर आली होती, आणि ती मला जगवता आली नाही, शबानाला आली. आता बेकरीत आहे, खालापुरात आहे, माझ्या ओट्यावर वाटीभर आहे. तीन घरं मला कमी वाटतात. कुणाला हवं असेल त्यानं लवकर लिहा. रोज पीठ खातंय, वाटीत मावेनासं झालंय.