एक चमचा, माझ्यासमोर

आल्याच्या टिंक्चरची बाटली कंपौंडरमामा कुठल्याही पोराच्या हाती देत नसत. पोट दुखतंय म्हणून कुणी आलं, की चमचाभर टिंक्चर पेलाभर पाण्यात घालून पुढे करत. "इथंच पी डा, माझ्यासमोर." दारूबंदीच्या त्या दिवसांत तंजावुरातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्यातल्या मद्यार्काच्या नशेसाठी ते कच्चंच घशाखाली ओततात, हे त्यांना ठाऊक होतं.

राजवाड्यामागच्या आमच्या मराठी लोकांच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे मामा औषधं बनवत. मराठी आमच्यासारखंच, तमिळ हेल काढून, 'अरे'ऐवजी 'डा' म्हणत बोलत. संध्याकाळी रिकामी फिरणारी पोरं दिसली की आत बोलावून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवत आणि थोरल्या भावाची गोष्ट सांगत. तो सतराव्या वर्षी चोरटी दारू प्यायला लागला आणि तिशीच्या आत गेला. "कुठं जातोस, असं त्याला मी कधी विचारलं नाही. तुम्हांला विचारणार. राग आला तर येऊ दे."

आणि खरंच विचारत. एकदा भर रस्त्यात माझ्या मित्राच्या, व्यंकूच्या, तोंडाला वास आला. मामांनी त्याला स्वतःच्या घरी नेलं, ताक पाजलं, उतरेपर्यंत ओट्यावर शेजारी बसून राहिले. त्याच्या वडिलांना एका शब्दाने कळवलं नाही. आम्ही मात्र त्यांची नक्कल करून हसत होतो.

शाळेचं शेवटचं वर्ष होतं. एका सकाळी मी दवाखान्यात जाऊन सांगितलं, "मामा, आईच्या पोटात कळा येताहेत. तिला उठवत नाही." आईला ते ताई म्हणत. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भरलेली बाटली काढून दिली. "ताईला सांग, दोनच चमचे. दुपारी मी येऊन बघतो."

दुपारपर्यंत व्यंकू आणि मी तिरुवैयारूला कावेरीच्या पायऱ्यांवर होतो. मला दोन घोटांतच मळमळलं. उरलेलं सगळं व्यंकू प्यायला आणि रक्त ओकायला लागला. घाटावरच्या लोकांनी त्याला इस्पितळात पोचवलं. तो वाचला, पण पोट कायमचं बिघडलं. त्याची शाळा तिथेच सुटली.

बाटलीवर दवाखान्याची चिठ्ठी होती; दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. मामा कपाटापाशी उभे होते.

"बाटली कुणी दिली?"

"यांनी," मी म्हणालो. आईचं नाव सांगून मागितली, हे बोललो नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "होय, मीच दिली," एवढंच म्हणाले. पोलिसांना भ्यालेल्या डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. महिन्याभरात ते घर सोडून तिरुचीला गेले.

बारा वर्षांनी, मी स्वतः शाळेत शिकवू लागल्यावर, पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. ते खूप थकले होते. मी सगळं सांगून टाकलं.

"त्याच दुपारी कळलं होतं मला," ते म्हणाले. "ताईला बघायला घरी गेलो, तर ती अंगणात पापडांसारखे वडाम वाळवत होती."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीत?"

"शाळेतून तुझं नाव काढलं असतं." ते पुढे म्हणाले, "तू येऊन सांगशील, असं वाटायचं. दोन वर्षं वाट बघितली. मग सोडून दिलं."

त्यांच्या सुनेने कॉफी आणली. मामांनी पेला माझ्यापुढे केला आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहिले.